एकाच तारेतून नेट आणि वीज: पीओईचं काम नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

गावच्या चौकात कॅमेरा लावायचा ठरला की पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नसतो, "तिथं लाइन कुठून घ्यायची?" हा असतो. मग जवळच्या पानठेल्यातून वायर ओढली जाते, खांबावरच्या डब्यात बारा व्होल्टचा अडॅप्टर कोंबला जातो आणि वरून पन्नी गुंडाळली जाते. मृगाची पहिली सर आली की डब्यात पाणी, अडॅप्टर फुगलेला, आणि ठेलेवाला सकाळीच दारात: "भाऊ, तुमचा डबा झटका मारून रायला. काढा तो पयले."

पीओई म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट. ज्या केबलमधून कॅमेऱ्याचं चित्र येतं, तिच्यातूनच कॅमेऱ्याला वीज जाते. खांबावर २३० व्होल्ट न्यावेच लागत नाहीत. ते ग्रामपंचायतीच्या खोलीत, स्विचच्या (नेटच्या केबली एकत्र जोडणाऱ्या डब्याच्या) मागेच थांबतात. शाळेचं वाय-फाय, सोयाबीनच्या गोदामावरचे कॅमेरे, संत्र्याच्या बागेच्या फाटकावरचा कॅमेरा, सगळीकडे हीच रीत चालते. मी हे काम वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यांत करतो. नवीन पोट्टे सोबत आले की त्यांना जे सांगतो, तेच इथं लिहून काढलं आहे. वायरमनचा आयटीआय केला असेल तर बरंच ओळखीचं वाटेल, पण एक सवय मोडावी लागेल: वायर जोडली की लाइन आली, ही. इथं वायर जोडल्यावर आधी विचारपूस होते.

आधी विचारपूस, मग वीज

केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. स्विचच्या पोर्टात केबल लावली म्हणून पोर्ट लगेच ४८ व्होल्ट सोडत नाही. तो आधी तीन ते दहा व्होल्टच्या दरम्यानचा हलका दाब टाकून पाहतो, की पलीकडे साधारण २५ हजार ओहमचा रेझिस्टर आहे का. पीओई समजणाऱ्या प्रत्येक उपकरणात तो असतोच; तीच त्याची ओळख. उत्तर १९ ते २६.५ हजारांच्या दरम्यान आलं तर पोर्ट पुढचा प्रश्न टाकतो: किती लागेल? त्यासाठी दाब १५ ते २० व्होल्टच्या घरात जातो आणि उपकरण ठरावीक करंट ओढून आपला वर्ग सांगतं. वर्ग १ म्हणजे पोर्टावर ४ वॅट, २ म्हणजे ७, ३ म्हणजे १५.४ आणि ४ म्हणजे ३०. एवढं झाल्यावर खरी वीज सुटते. हे सगळं उरकायला फारतर एखादा सेकंद लागतो.

वीज सुरू झाल्यावरही पोर्ट पहारा देत असतो. कॅमेरा काढला, करंट दहा मिलिअँपिअरच्या खाली गेला, की अर्ध्या सेकंदाच्या आत पुरवठा बंद. तारा एकमेकींना चिकटल्या तरी बंद. कुणी त्याच पोर्टात लॅपटॉप लावला तर त्याच्याकडे २५ हजार ओहमची ओळख नसते, म्हणून त्याला वीज मिळत नाही, नेट मात्र मिळतं. तुटलेल्या केबलचं उघडं टोक अंगणात पडलं असेल तर त्यावर फक्त विचारपूस चालू असते, ४८ व्होल्ट नसतात.

आता नेटचे सिग्नल आणि वीज एकाच तारेत भांडत कशा नाहीत? नेटचा सिग्नल जोडीतल्या दोन तारांमधल्या फरकात असतो. वीज देताना एका जोडीच्या दोन्ही तारांना सारखाच धन दाब देतात आणि दुसऱ्या जोडीच्या दोन्ही तारांना ऋण. दोन्ही तारा एकदमच वर उचलल्या गेल्या, म्हणून त्यांच्यातला फरक जसाच्या तसा राहतो. पोर्टातल्या बारक्या ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकातून वीज आत सोडलेली असते, ती दोन तारांत अर्धी-अर्धी वाटली जाते. वाटणी बरोबर झाली तरच हे जमतं. एक तार नीट बसली नाही की सगळा भार दुसरीवर येतो, आणि "नेट चालू-बंद होते भाऊ" ही तक्रार सुरू होते. टोकं मारताना, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवताना, हे लक्षात ठेवा.

४८ व्होल्टच का?

याचं गणित एकदा कागदावर करून पाहा, पुन्हा कुणाशी वाद घालावा लागणार नाही. चांगल्या तांब्याच्या कॅट ५ई केबलमध्ये एका जोडीनं वीज नेऊन दुसरीनं परत आणली तर शंभर मीटरला जाऊन-येऊन साधारण ९ ते साडेनऊ ओहम अडथळा धरावा. बारा वॅट पाठवायचे आहेत. बारा व्होल्टनं पाठवले तर करंट एक अँपिअर, वाटेतच नऊ व्होल्ट खर्च, कॅमेऱ्यापाशी तीन उरले. कॅमेरा सुरूच होणार नाही. २४ व्होल्टनं पाठवले तर अर्धा अँपिअर, साडेचार व्होल्ट गेले, साडेएकोणीस उरले. एखादं उपकरण चालेल, एखादं नाही. ४८ व्होल्टनं पाव अँपिअर, सव्वादोन व्होल्ट गेले, ४५ पेक्षा जास्त उरले. तारेत तापून जाणारी वीज बारा व्होल्टला नऊ वॅट, ४८ ला अर्ध्या वॅटच्या आसपास.

मग दोनशे व्होल्टच का नाही दिले? कारण ही तार पोरंटोरं, मास्तर, झाडूवाल्या मावशी सगळ्यांच्या हाताला लागते. पीओईचा दाब ५७ व्होल्टच्या वर जात नाही; ६० व्होल्ट डीसीच्या आत राहिलं की कोरड्या हाताला धोका राहत नाही असं धरलं जातं. कोरड्या हाताला म्हणतोय. पावसात भिजून, ओल्या पायानं शिडीवर चढून चालू केबलचं टोक हाताळू नका. झटका भलेही जीवघेणा नसेल, पण त्यानं दचकून बारा फुटांवरून पडणं जीवघेणं ठरू शकतं.

न विचारता देणारे

बाजारात एक दुसरी जात आहे, तिला पॅसिव्ह पीओई म्हणतात. लांबच्या वाय-फाय लिंकसोबत येणारा काळा डबा, म्हणजे इंजेक्टर, आणि काही स्वस्त स्विच हे विचारत नाहीत. प्लग लावला की २४ किंवा ४८ व्होल्ट सरळ बाहेर. ते ज्या यंत्रासाठी बनवलेत त्याच्यासोबत ठीक चालतात. दुसरीकडे लावले की नुकसान.

मी सुरुवातीला एका ओळखीच्याचा लॅपटॉप असाच जाळला. लिंक लागते का पाहायला डिशकडे जाणारी केबल काढून लॅपटॉपला लावली. इंजेक्टरची चुकीची बाजू. लॅपटॉपच्या पोर्टात न वापरलेल्या जोड्यांवर बहुधा ७५ ओहमचे बारके रेझिस्टर असतात. दोन जोड्यांमध्ये मिळून दीडशे ओहम. ४८ व्होल्टला त्यांच्यावर पंधरा वॅट पडतात, आणि ते तांदळाच्या दाण्याएवढेही नसतात. आधी वास आला, मग मालकाचं तोंड पाहावं लागलं. नवीन मदरबोर्डाचे पैसे मी तीन हप्त्यांत दिले.

तेव्हापासून माझ्या पिशवीत एक हातभर केबल असते. एका टोकाला प्लग, दुसऱ्या टोकाच्या आठही तारा सुट्या आणि सोललेल्या. अनोळखी पोर्ट दिसला की ती लावायची, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा आणि निळी जोडी विरुद्ध तपकिरी जोडी, मग नारिंगी विरुद्ध हिरवी, असं मोजायचं. आकडा २४ किंवा ४८ वर शांत उभा राहिला तर तो न विचारता देणारा आहे. पोर्टावर तिथल्या तिथं लाल चिकटपट्टी लावा. आकडा नुसता उडत राहिला, थोडा वर गेला, पडला, पुन्हा वर गेला, तर तो विचारतोय. हे दोन मिनिटांचं काम आहे. नवीन माणसानं आपला पहिला पगार वाचवायचा असेल तर हेच आधी शिकावं.

विकत घेताना डब्यावर ८०२.३एएफ, एटी किंवा बीटी असं, म्हणजे विचारून देणाऱ्या पीओईच्या मानकाचं नाव, लिहिलेलं पाहा. नुसतं "पीओई स्विच, ४८ व्होल्ट" एवढंच छापलं असेल तर दुकानदाराला विचारा, आणि त्याला सांगता आलं नाही तर घेऊ नका.

किती वॅट, कोणाला

एएफ हे मानक २००३ चं. पोर्ट १५.४ वॅट देतो, शंभर मीटरवर उपकरणाला १२.९५ खात्रीनं मिळतात. मधले वॅट तार खाते असं धरलेलं आहे. २००९ च्या एटीमध्ये ३० आणि २५.५. २०१८ च्या बीटीमध्ये चारही जोड्या वापरून ६० किंवा ९० वॅटपर्यंत पोर्टावर, आणि त्याचे ५१ किंवा ७१.३ पलीकडे. गावच्या कामात बीटी क्वचितच लागतं. साधा बुलेट कॅमेरा पाच ते आठ वॅटमध्ये भागतो, छतावरचं वाय-फाय आठ ते तेरा, मान फिरवणारा मोठा कॅमेरा मात्र वीस-पंचवीस मागतो, त्याला एटी पोर्ट हवा.

घोळ होतो तो एकूण बेरजेत. आठ पोर्टांचा स्विच म्हणजे आठ गुणिले तीस वॅट असं कुणी समजू नये. स्विचच्या मागे किंवा डब्यावर एकूण पीओई बजेट लिहिलेलं असतं, ६५, ९६, १२० असं काही. सहा कॅमेरे आठ वॅटचे, एक वाय-फाय तेराचं, झाले ६१. याला ६५ चा स्विच घेतला तर दिवसभर सगळं छान चालेल, मालक खूश, तुम्ही पैसे घेऊन घरी. दिवेलागणीला कॅमेऱ्यांचे रात्रीचे इन्फ्रारेड दिवे लागले की खप वाढतो आणि एखादा कॅमेरा बंद पडतो. थोड्या वेळानं परत सुरू होतो, परत बंद. "दिवसा चालते, राती नाही चालत, भूत आहे का काय?" असा फोन आला की बजेट तपासा. हिशोब नेहमी रात्रीच्या खपाचा करा आणि वर चौथाई शिल्लक ठेवा. वरच्या उदाहरणात मी ९६ चा घेईन.

तार घेताना

या कामातली सगळ्यात मोठी फसवणूक केबलमध्ये आहे. सीसीए नावाची केबल मिळते, म्हणजे आत अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. नेटचा सिग्नल तीत बराच चालतो, म्हणून दुकानदार "चालते ना भाऊ" म्हणतो आणि खोटंही बोलत नाही. पण वीज नेताना अॅल्युमिनियम त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त अडथळा करतं. वरचं गणित पुन्हा मांडा: साडेनऊचे चौदा-पंधरा ओहम झाले. शिवाय अॅल्युमिनियमची तार दोन-तीनदा वाकवली की तुटते, आणि प्लगच्या पिनाखाली ढिली होत जाते. ढिला सांधा तापतो.

ओळखायचं कसं? खोकं उचलून पाहा, तांब्याचं जड लागतं, सीसीएचं हलकं. मग एक तार सोलून ब्लेडनं हलकेच खरवडा. आतून पांढरी चमक दिसली तर मुलामा आहे. तांबं आतपर्यंत तांबूसच असतं. दुकानदार खरवडू देत नसेल तर उत्तर मिळालंच. काही तारा लोखंडावर तांबं चढवलेल्याही असतात, त्यांना लोहचुंबक चिकटतं. खोक्यावर "शुद्ध तांबं" असं लिहिलेलं आणि तारेची जाडी छापलेली पाहा: कॅट ५ई ला २४ गेज, कॅट ६ ला बहुधा २३. गेजचा आकडा मोठा म्हणजे तार बारीक. २६ किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर ती लांबच्या ओढीला घेऊ नका.

घराबाहेर काळ्या आवरणाची आउटडोअर केबलच वापरा. राखाडी पीव्हीसीची केबल आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत चिरते. नवतप्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि टिनाखालची हवा त्याहून कितीतरी गरम असते. तांब्याचा अडथळा दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. वीस अंशांना मोजलेली केबल साठ अंशांवर सोळा टक्के जास्त अडवते. म्हणून शंभर मीटर ही कागदावरची हद्द आहे. टिनाखालून जाणारी ओढ मी ऐंशीतच संपवतो. काही स्विचवर अडीचशे मीटरचं एक बटण असतं. ते दाबलं की वेग दहा एमबीपीएसवर येतो आणि वीज पोचेलच याची हमी कुठल्याही मानकात नाही. एखाद्या साध्या कॅमेऱ्यापुरतं चालतं, त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

ओढताना

आधी तार न घेता रस्ता चालून या. कुठून वळेल, कुठं टेकेल, कुठं माकडं उड्या मारतात ते पाहा. हो, माकडं. दोन घरांच्या मध्ये लोंबती तार त्यांना झोपाळाच वाटते. गोदामात उंदीर असतात आणि त्यांना सोयाबीनपेक्षा केबलचं आवरण जास्त आवडतं की काय असं वाटावं इतकं ते कुरतडतात. तिथं जमिनीपासून दोन-तीन हात लोखंडी पाइप घाला. भिंतीवर पीव्हीसी पाइप.

२३० ची वायर आणि नेटची केबल एकाच पाइपात कधीच नाही. वायरचं आवरण वितळलं तर मेन लाइन थेट नेटच्या तारांवर येते आणि मग वरची सगळी ६० व्होल्टची सुरक्षितता गेली. निदान वीतभर अंतर ठेवा, ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. मोटारपंपाच्या स्टार्टरपासून आणखी लांब. डिपी आणि विजेचे खांब यांच्यावर नेटची केबल बांधायची नाही, कुणी कितीही "सगळेच बांधतात" म्हणालं तरी. आणि वावराच्या धुऱ्यावर रानडुकरांसाठी झटका मशीनची तार असेल तर तिच्यापासून केबल लांब ठेवा, पावसाच्या दिवसांत तर तिला टेकू देऊच नका.

दहा-वीस केबली एकत्र घट्ट बांधून टिनाखालून नेल्या तर आतल्या केबलीची उष्णता बाहेर निघत नाही. पीओईच्या केबली सैल ठेवा, वेगळ्या-वेगळ्या नेता आल्या तर उत्तम. प्लास्टिकचा टाय इतका आवळू नका की केबलवर खळगी पडेल.

कॅमेऱ्याच्या डब्यात केबल वरून शिरवायची नाही. तिला आधी डब्याच्या खाली लोंबता वळसा द्या आणि खालच्या भोकातून वर घ्या. पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जातं. डब्यात हातभर केबल गुंडाळून शिल्लक ठेवा.

टोकं मारणं

नव्या माणसाला इथं घाई असते. शांत बसा, उजेडात बसा, शिडीवर नाही. बाहेरचं आवरण दोन बोटं सोलायचं, आतल्या तारांना ब्लेड लागू द्यायचं नाही. तारा उलगडून सरळ करा आणि डावीकडून असा क्रम लावा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. हिरवीच्या दोन तारांमध्ये निळी जोडी येते, तिथंच बहुतेक चुकतात. आठही तारा एका रेषेत सरळ कापा, प्लगची पिनांची बाजू आपल्याकडे आणि खटक्याची बाजू पलीकडे धरून आत सारा. समोरून पाहा: आठही तारांची टोकं तांब्याच्या ठिपक्यांसारखी दिसली पाहिजेत. बाहेरचं आवरण प्लगच्या आत गेलेलं हवं, म्हणजे ओढ पडली तर ती आवरणावर येते, तारांवर नाही. मग क्रिम्पिंग टूल पूर्ण दाबायचं, एकदाच, जोरात.

क्रम कुठलाही घेऊन नुसतं "दोन्हीकडे सारखंच लावलं" तरी एलईडीचा टेस्टर आठही दिवे दाखवतो. तरी रंगाचा क्रम पाळाच, कारण पिळलेली जोडी फुटली तर टेस्टर हिरवा आणि नेट रडतं. टेस्टर लावण्याआधी केबलचं दुसरं टोक स्विचमधून काढलेलं आहे ना ते पाहा. पॅसिव्हवर हे स्वस्त टेस्टर दिव्यासारखे उडतात.

पहिल्यांदा चालू करताना

सगळं एकदम जोडू नका. आधी स्विचला लाइन द्या, पण तीन पिनांच्या सॉकेटमध्येच. तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात घुसवलेले स्विच मी इतके पाहिलेत की आता बोलतही नाही, सरळ बोर्ड बदलायला सांगतो. त्या तिसऱ्या पिनेच्या मागे खरी अर्थिंग आहे का, हेही तपासा. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. या खोलीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. पीओईमध्ये जीव घेण्याची ताकद असलेली जागा एवढीच, स्विचच्या मागची.

मग एक कॅमेरा हातात घेऊन, टेबलावरच, छोट्या केबलनं जोडून पाहा. चालला की तोच कॅमेरा लांबच्या केबलनं, अजून खांबाखालीच. तोही चालला तरच वर चढवा. वर चढवल्यावर बिघाड शोधणं म्हणजे प्रत्येक शंकेला एक शिडी.

चालू उपकरणाचा प्लग सारखा काढू-घालू नका. भार चालू असताना प्लग ओढला की पिनांवर बारीक ठिणगी पडते आणि सोन्याचा पातळ थर जातो. आधी स्विचमधून बंद करा किंवा स्विचचा मेन बंद करा, मग काढा.

आभाळातली वीज

हा भाग वाचून मग घरी जा. पीओईचा पोर्ट २५ हजार ओहम विचारतो, आभाळातली वीज काहीच विचारत नाही. रोहिणी-मृगात आणि पुन्हा परतीच्या पावसात आपल्याकडे ती कोसळते, आणि केबलवर थेट पडायची गरजही नसते. जवळच्या झाडावर पडली तरी शंभर मीटर तांब्याच्या तारेत इतका दाब उठतो की दोन्हीकडचे पोर्ट जातात. पीओईच्या उपकरणांत दीड हजार व्होल्टपर्यंतचा अडसर असतो. तो रोजच्या चुकांसाठी आहे, विजेसाठी नाही.

एक नियम मी डोळे झाकून पाळतो: एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची केबल हवेतून न्यायची नाही. दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असते. वीज पडली की त्यांच्यातला फरक तुमच्या केबलीतूनच वाहायला जातो. तिथं फायबर टाका. फायबर काचेचं, त्यातून वीज जात नाही. पण आधाराला लोखंडी तार असलेली ड्रॉप केबल घेतली तर मुद्दाच संपला; एफआरपीच्या (काच-प्लास्टिकच्या) काडीची घ्या. फायबरच्या दुसऱ्या टोकाला छोटा पीओई स्विच आणि त्याची स्वतःची लाइन. भारतनेटचं फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलेलं असेल तर तिथून शाळेपर्यंतही फायबरच न्या; दोन मीडिया कन्व्हर्टरचा (फायबर आणि तांब्याची केबल जोडणाऱ्या डब्यांचा) खर्च एका पावसाळ्यात जळणाऱ्या स्विचपेक्षा कमी असतो.

खांबावरचा कॅमेरा तांब्यानंच जोडायचा असेल तर केबलच्या दोन्ही टोकांना पीओईसाठी बनवलेला सर्ज अरेस्टर (अचानक उसळलेला दाब जमिनीत सोडणारी डबी) लावा आणि त्याची अर्थची तार जाड, आखूड, सरळ जमिनीत न्या. अर्थ न देता लावलेला अरेस्टर म्हणजे नुसती शोभेची डबी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं बनवलेलं, वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाइलमध्ये ठेवा. ढग जमायला लागले की स्विचचा प्लग काढा. गडगडायला लागल्यावर मात्र प्लगही काढायला जाऊ नका आणि केबलला हातही लावू नका; जळलं तर स्विच जळेल.

लाइन गेल्यावर

पीओईचा एक मोठा फायदा इथं आहे. लाइन गेली तरी दहा कॅमेऱ्यांसाठी दहा बॅटऱ्या लागत नाहीत, स्विचला एकच इन्व्हर्टर पुरतो. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. अर्धीच वापरावी, त्यातून इन्व्हर्टर पाचवा हिस्सा खातो, उरले साधारण ७२०. स्विच, राउटर, रेकॉर्डर मिळून साठ वॅट धरले तर बारा तास. बॅटरी जुनी असेल तर हे आकडे विसरा आणि एकदा लाइन बंद करून घड्याळ लावून पाहा. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच इन्व्हर्टरवर घ्यायला विसरू नका. कॅमेरे चालू, नेट बंद, असं करून ठेवलेली बरीच ठिकाणं मी पाहिली आहेत, त्यातलं एक माझंच.

बिघाड आला तर

आधी दिवे पाहा. स्विचवर पीओईचा दिवा वेगळा असतो, नेटचा वेगळा. पीओईचा लागला आणि नेटचा नाही, तर वीज पोचते आहे, एखादी जोडी तुटलेली किंवा टोक चुकलेलं आहे. दोन्ही विझलेले असतील तर तोच कॅमेरा छोट्या केबलनं स्विचपाशी लावा. चालला तर दोष केबलमध्ये, नाही चालला तर पोर्ट बदलून पाहा. कॅमेरा दर काही मिनिटांनी सुरू-बंद होत असेल तर वीज कमी पडते आहे: लांबी, सीसीए, नाहीतर बजेट. दुपारी दोनला बिघडून संध्याकाळी आपोआप बरा होणारा कॅमेरा टिनाखाली तापतोय.

पावसाळा संपल्यावर कॅमेरा कुरकुरायला लागला तर बहुतेक वेळा दोष वरच्या डब्यातल्या प्लगात असतो. काढून पाहिलं की पिनांवर हिरवट-निळा मळ बसलेला दिसतो. ओल आणि डीसी वीज एकत्र आली की तांबं असं खाल्लं जातं, धन बाजूच्या पिना आधी. खरवडून पुन्हा लावू नका, आठवड्यात परत येईल. प्लग कापा, तार मागे चार बोटं तांबूस दिसेपर्यंत सोला, नवीन टोक मारा आणि आत थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. डब्यात हातभर केबल गुंडाळून ठेवायला सांगितली होती ती यासाठीच. ती नसली तर एका प्लगासाठी ऐंशी मीटर नवीन तार ओढायची पाळी येते.